गारगोटी भाजायची कशी? अश्महत्यारं घडवणाऱ्यांसाठी भट्टीचं गणित

पहिल्या खेपेला भट्टीतून जो आवाज आला तो भडभुंज्याच्या कढईतला. आधी एक टक्, मग दोन, मग सलग तडतड. झाकण उघडलं नाही, एवढंच काय ते शहाणपण मी त्या दिवशी दाखवलं. सकाळी उघडून पाहिलं तर मुठीएवढ्या सात गारगोट्यांपैकी दोन धड होत्या, बाकीच्यांचा चिवडा. एक कपची भट्टीच्या विटेत रुतून बसली होती. ती अजून तिथेच आहे. काढायला गेलं तर वीट तुटेल.

गारगोटी भाजायची ती तिच्यातून हत्याराची पाती सहज घडावीत म्हणून. माझी भट्टी खरं तर कुंभारकामाची. मडकी भाजायचा हात होता, म्हणून दगडही भाजता येईल असं वाटलं आणि तिथेच फसले. मडकं आपण मळलेल्या मातीचं असतं, त्यात काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं. गारगोटीच्या पोटात काय आहे हे तिलाच माहीत, आणि दोन विहिरी खणताना निघालेल्या गारगोट्या एकसारख्या नसतात. म्हणून या लेखातला प्रत्येक आकडा तुमच्या प्रयोगाची सुरुवात कुठून करायची ते सांगण्यापुरता आहे. दुसऱ्याचा आकडा जसाच्या तसा उसना घ्यायचा नाही, आपल्या दगडाचा आपण काढायचा. तो कसा काढायचा ते पुढे येईलच.

हे वाचणाऱ्याला कच्च्या, म्हणजे न भाजलेल्या, दगडावर ठोकून छिलके, म्हणजे पातळ कपच्या, काढण्याची थोडी सवय आहे असं धरून चालले आहे. नसेल तर आधी महिनाभर कच्च्यावर हात बसवा. भाजलेला दगड वाईट हाताला जास्त लवकर दगा देतो.

भाजल्यावर दगडात होतं काय

आपल्याकडची गारगोटी म्हणजे बहुतेक वेळा कॅल्सेडनी: डोळ्याला न दिसणाऱ्या क्वार्ट्झच्या तंतूंचा घट्ट विणलेला गोळा. या तंतूंच्या मधल्या फटींत पाणी असतं. काही नुसतंच अडकलेलं, काही तंतूंच्या पृष्ठभागाला रासायनिकरीत्या चिकटलेलं. अडकलेलं पाणी शंभर अंशांच्या आसपास निघू लागतं. चिकटलेलं पाणी साधारण दोनशेच्या वर सुटायला लागतं, आणि ते सुटताना शेजारशेजारचे तंतू सिलिकॉन-ऑक्सिजनच्या नव्या बंधांनी एकमेकांना जोडले जातात. दगड आतून जास्त एकजीव होतो.

याचा परिणाम असा, की कच्च्या दगडात तडा तंतूंना वळसे घालत, अडखळत जातो, तर भाजलेल्यात तो सरळ आरपार धावतो. छिलका लांब निघतो, पातळ निघतो आणि त्याचा माग तेल लावल्यासारखा चमकतो. दगड ‘वितळून’ काचेसारखा होतो असं बऱ्याच जणांकडून ऐकाल. सिलिका वितळायला सतराशेच्या घरात अंश लागतात, आपण तीनशेही क्वचित ओलांडतो. वितळण्याचा इथे काही संबंध नाही.

फायद्याची किंमतही आहे. तडा सहज धावतो याचाच अर्थ दगडाचा चिवटपणा कमी झाला. बाणाचं टोक, चाकूचं पातं, विळ्यात बसवायच्या लहान पात्या यांना भाजलेला दगड उत्तम. लाकूड तोडायची कुऱ्हाड करायची असेल तर मुळीच भाजू नका.

ही अक्कल जुनीच

दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पिनॅकल पॉइंटच्या गुहांत सिलक्रीट नावाचा दगड विस्तवात तापवून हत्यारं केल्याचा पुरावा मिळाला. ७२,००० वर्षांपूर्वी ही पद्धत तिथे सर्रास होती, आणि सुरुवात १,६४,००० वर्षांपूर्वीपर्यंत मागे जाते असं २००९ साली संशोधकांनी मांडलं. आधुनिक काळात हा विषय चर्चेत आणला अमेरिकेतल्या आयडाहोच्या डॉन क्रॅबट्री या अश्महत्यारं घडवणाऱ्या अभ्यासकाने. बाणांच्या जुन्या दगडी टोकांवरची चमक कच्च्या दगडावर काही केल्या येईना, म्हणून त्यांनी दगड तापवून पाहिले आणि १९६४ साली पुरातत्त्वज्ञ बटलर यांच्यासोबत ते प्रयोग छापले.

आपल्याला मात्र इतकं लांब जायची गरज नाही. गुजरातेत खंभातला अकीकाचे, म्हणजे रंगीत कॅल्सेडनीचे, मणी घडवणारे कारागीर हेच काम पिढ्यान्पिढ्या करत आले आहेत. भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या खाणींतला दगड आधी उन्हात वाळवायचा, मग मडक्यात घालून शेणाच्या मंद आचेवर भाजायचा. रंग हवा तसा लाल होईपर्यंत पुन्हा पुन्हा भाजायचा. मणी घडवण्याची तिथली रीत तर बघत राहावी अशी. जमिनीत लोखंडी अणकुचीदार सळई रोवलेली असते, दगडाची कड त्या टोकावर टेकवायची आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलका ठोका द्यायचा. छिलका खालून, सळईच्या टोकापासून उडतो.

आणि महाराष्ट्रातली ताम्रपाषाणकालीन गावं कॅल्सेडनीच्या पात्यांवरच चालली. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तिथे अशी पाती ढिगाने मिळाली. तोच दगड आज आपल्या पायाखाली आहे.

दगड कुठला घ्यायचा

दख्खनचा काळा पाषाण थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे सिलिकाचं पाणी झिरपून कॅल्सेडनी, अकीक आणि जॅस्पर, म्हणजे लाल-पिवळी अपारदर्शक गारगोटी, तयार झाले. म्हणून नव्या विहिरीच्या कडेचा ढीग, रस्त्यासाठी कापलेला डोंगर, नदीतले गोटे या आपल्या खाणी. शेत कुणाचं आहे ते विचारूनच ढिगाला हात लावा, नाही म्हणणारा शेतकरी मला अजून भेटलेला नाही, पण “काय करता याचं, बाई?” याचं उत्तर तयार ठेवा.

एक पथ्य कडक पाळायचं. गावाच्या पांढरीवरून काही उचलायचं नाही. पांढरीची माती म्हणजे जुन्या वस्तीचा थर, तिथली गारगोटी माणसाने आणून टाकलेली असू शकते. तिच्या जागेतच तिची माहिती आहे.

घरी आणल्यावर प्रत्येक दगड हातोडीने हलकेच वाजवा. ठणठणीत वाजला तर ठेवा. भद्द वाजला तर आत तडा आहे, तो भट्टीत नक्की फुटेल. मग एक कोपरा उडवून आतलं बघा. बारीक, मेणासारखं, कडेला थोडं पारदर्शक असेल तर उत्तम. साखरेच्या खड्यांसारखे कण दिसले तर तो भाग भरड क्वार्ट्झ आहे, भाजून फार फरक पडणार नाही. दुधी, हलका, जिभेला चिकटणारा ओपल निघाला तर भट्टीपासून लांब ठेवा. त्याच्यात पाणी कितीतरी जास्त असतं. काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, भाजण्यात अर्थ नाही. ज्वालामुखी काच आधीच काच असते, तिलाही भट्टीची गरज नाही.

आपल्याकडच्या दगडाची खास खोड म्हणजे झिओलाइट. गारगोटीच्या सालीला पांढरे, गुलाबी, मोत्यासारखे चमकणारे स्फटिक चिकटलेले असतात. दिसायला इतके सुंदर की काढवत नाहीत. पण ‘झिओलाइट’ या नावाचा अर्थच ‘उकळणारा दगड’. १७५६ साली क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने हा खडा तापवला, तो बुडबुडून फसफसला, म्हणून हे नाव. माझ्या पहिल्या खेपेतल्या सातपैकी पाच गारगोट्यांना हीच साल होती.

आधी फोडा, मग भाजा

अख्खी गारगोटी भट्टीत घालायची नाही. बाहेरचा भाग तापून फुगतो, आतला थंड असतो, आणि आतल्या वाफेला बाहेर पडायला वाट नसते. तिची आधी जाड छिलक्यांत फोड करा. तीन सेंटिमीटरपर्यंत जाडी चालते. माझा अनुभव असा की दोनच्या खाली राहिलात तर जवळजवळ काहीच फुटत नाही. त्याहून बरं म्हणजे छिलक्याला दोन्ही बाजूंनी ठोकून कच्चा आकार आधीच काढून घ्यायचा: साल गेलेली, मध्ये फुगीर, कडा बोथट. बारीक काम भाजल्यावर करायचं. पातळ कडा राहिल्या तर त्या आधी तापतात, आधी थंड होतात आणि तिथूनच तडे सुरू होतात.

साल, झिओलाइट, मधल्या पोकळीतले स्फटिक, दिसतील तेवढे तडे सगळं उडवून टाका. पट्ट्यापट्ट्यांचा अकीक असेल तर मन घट्ट करा. पट्टे वेगवेगळ्या दराने फुगतात, आणि सर्वांत देखणा दगडच सर्वांत आधी पट्ट्यावर उलतो.

आता या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं काम. प्रत्येक गारगोटीचा एक तुकडा कच्चाच बाजूला ठेवायचा. त्याला नाव द्यायचं, म्हणजे गावाचं नाव, विहीर, तारीख. भाजलेल्या भावंडाशी ताडून पाहायला तोच एक साक्षीदार असतो. शाई भट्टीत उडून जाते, म्हणून भट्टीत जाणाऱ्या तुकड्यांवर काही लिहीत बसू नका. ट्रेमध्ये कुठला तुकडा कुठे ठेवला त्याचा नकाशा वहीत काढा. मी सुरुवातीला आळस केला आणि आजही एक डबाभर सुंदर लाल तुकडे आहेत ज्यांचं गाव मला सांगता येत नाही.

वाळवण

विहिरीच्या ढिगावरचा दगड ओला असतो. दिसत नाही, पण असतो. फोडलेले तुकडे एप्रिल-मे महिन्यात गच्चीवर पापडासारखे पसरून आठवडाभर ठेवा. पावसाळ्यात आणलेला दगड मी दिवाळीनंतरच भट्टीत घालते. खंभातचे कारागीर उन्हात महिनोन्‌महिने वाळवतात ते उगीच नाही. घाईच असेल तर हे वाळवण भट्टीतच करता येतं, पण तेवढे तास वाढवावे लागतात.

ट्रे भरणं

स्टीलचा खोल ट्रे किंवा जुना जाड डबा घ्या, प्लास्टिकची मूठ, रंग, जस्ताचा मुलामा काही नको. तळाला दोन बोटं कोरडी वाळू, त्यावर तुकडे एकमेकांना न टेकवता, त्यांच्यावर पुन्हा वाळू. वाळूमुळे उष्णता हळू आणि सारखी पोचते, आणि एखादा फुटलाच तर कपच्या भट्टीच्या तारांवर उडत नाहीत. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असतं आणि मीठ ओल धरतं. भरड वाळू धुऊन, वाळवून, चाळून घ्या. चाळणीखाली पडलेली भुकटी फेकून द्या, ती फुप्फुसाची शत्रू आहे. वाळू आधी एकदा रिकामीच भाजून घेतली तर निर्धास्त.

कुंभारकामाच्या इलेक्ट्रिक भट्टीची एक अडचण ध्यानात ठेवा. तिचा कंट्रोलर हजार अंशांच्या कामासाठी बसवलेला असतो. दोन-अडीचशेच्या खालच्या टापूत तो धसमुसळा वागतो, कधी वीसेक अंश वर उडी मारतो. शिवाय भिंतीतला थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, हवेचं तापमान सांगतो, वाळूतल्या दगडाचं नाही. बाजारात के-टाइपचा सुटा थर्मोकपल आणि साधा मीटर मिळतो. त्याची तार भोकातून आत घेऊन टोक वाळूत, दगडाच्या शेजारी खुपसा. माझ्या भट्टीत चढताना वाळू हवेपेक्षा चाळीस अंश मागे असते. हा फरक कळेपर्यंत मी ज्याला अडीचशे म्हणत होते ते दोनशे दहा होतं.

चढण, मुक्काम, उतरण

दोन सेंटिमीटर जाडीच्या कॅल्सेडनीच्या तुकड्यांसाठी मी आज वापरते ती चाल अशी. सगळे आकडे वाळूतले.

घरातल्या तापमानापासून ९५ अंशांपर्यंत दोन-तीन तासांत जायचं आणि तिथे बारा तास थांबायचं. पाणी उकळू द्यायचं नाही, नुसतं निघून जाऊ द्यायचं. भट्टीचं वरचं बूच या काळात उघडं. सकाळी त्या भोकावर थंड आरसा धरा. आरशावर दव धरलं तर आणखी सहा तास. दव थांबेस्तोवर पुढे सरकायचं नाही, मग कार्यक्रमपत्रिकेवर काहीही लिहिलेलं असो.

९५ ते १५० तासाला वीस अंशांनी, १५० वर दोन तास. इथून पुढे बूच बंद. १५० पासून वर तासाला दहा अंश, त्याहून जास्त नाही. शेवटच्या आकड्याला पोचल्यावर सहा तास मुक्काम.

मग बंद. झाकण उघडायचं नाही, बूच काढायचं नाही, ‘जरा बघू’ म्हणून बॅटरी मारायची नाही. वाळूतला मीटर चाळीसच्या खाली आला की उघडा. माझ्याकडे याला सव्वा दिवस लागतो. भट्टीत चढताना फुटतात तेवढेच उतरताना फुटतात, आणि उतरतानाचे सगळे आपल्या उतावीळपणामुळे.

शेवटचा आकडा किती? पहिल्या खेपेला २००. बस्स.

वीज गेली तर? उतरताना गेली तर काही बिघडत नाही. चढताना गेली तर खरा धोका ती परत येते तेव्हा. काही कंट्रोलर हुकलेला वेळ भरून काढायला पूर्ण जोराने धावतात, काही पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करतात. तुमचा काय करतो ते रिकाम्या भट्टीवर मेन स्विच पाडून आधीच तपासा. आमच्याकडे दुरुस्तीसाठी ठरलेल्या वारी वीज जाते, त्या वाराला लागून मी भट्टी लावतच नाही.

शिडी

२०० ची खेप निघाली की प्रत्येक गावच्या दगडाचा एक तुकडा फोडून त्याच्या कच्च्या भावंडाशेजारी ठेवा. फरक नसेल तर उरलेले तुकडे पुढच्या खेपेला २२५ वर न्या, मग २५०, मग २७५. तेच तुकडे पुन्हा भाजले तरी चालतं. दगड मागच्या खेपेपेक्षा वर गेला तरच त्याच्यात पुढचा बदल होतो. उलटं मात्र होत नाही. जास्त भाजलेला दगड परत कच्चा करता येत नाही.

माझ्या वहीत पुणे-अहिल्यानगर पट्ट्यातली साधी राखी कॅल्सेडनी २३० ते २६० मध्ये सुधारते. लाल-पिवळा जॅस्पर थोडा वर, २७० च्या आसपास. एका ओढ्यातले मधासारखे पारदर्शक गोटे २१० लाच तयार होतात आणि २४० ला त्यांचा चुरा होतो. दिसायला ते इतर कुठल्याही गोट्यांसारखेच आहेत. ही शिडी चढायचा कंटाळा करून चालत नाही तो यासाठी.

परदेशी कारागिरांचे आकडे वाचताना दोन गोष्टी पाहा. एक, त्यांचा दगड. अमेरिकेतल्या मिसूरी-इलिनॉयकडचा बर्लिंग्टन चर्ट हा गारगोटीसारखाच सिलिकाचा दगड साधारण २६० ते ३१५ अंशांत भाजतात, आर्कान्सासचा भरड नोव्हाक्युलाइट, तोही सिलिकाचाच, चारशेच्या वर जातो. तो आकडा आपल्या अकीकाला लावलात तर भुगा. दोन, त्यांचं फॅरनहाइट. ५०० म्हणजे २६०. बत्तीस वजा करा, पाचाने गुणा, नवाने भागा, आणि मगच कंट्रोलरला हात लावा.

कुंभारकाम करणाऱ्यांना ५७३ हा आकडा पाठ असतो. त्या अंशाला क्वार्ट्झची अंतर्गत रचना बदलते आणि तो एकदम फुगतो. आपल्याला त्याच्या वाऱ्यालाही जायचं नाही.

साधलं की बिघडलं

रंग आधी डोळ्यात भरतो. ज्या दगडात पिवळं लोह आहे तो लाल होतो. भिंतीला लावायची पिवडी तव्यावर भाजली की गेरू होते, तेच इथे दगडाच्या पोटात घडतं. साधारण अडीचशेच्या आसपास पिवळ्या लोहखनिजातलं पाणी जाऊन लाल खनिज उरतं. पण रंगावर जाऊ नका. लोह नसलेली राखी कॅल्सेडनी रंग अजिबात न बदलता उत्तम भाजली जाते, आणि रंग पालटूनही फोडायला कच्चीच राहिलेली गारगोटी मी पाहिली आहे.

खरी परीक्षा चमकेची, आणि तीसुद्धा नव्या घावाच्या. भट्टीतून काढलेला तुकडा बाहेरून तसाच निस्तेज दिसतो; निराश होऊ नका. एक छिलका उडवा. भाजण्याआधीचा जुना घाव आणि हा नवा घाव एकाच दगडावर शेजारी शेजारी दिसले पाहिजेत: जुना खडूसारखा मंद, नवा ओल्या ओठासारखा. प्राचीन हत्यारं भाजलेली होती का हे ओळखताना पुरातत्त्वज्ञही याच दोन घावांतला फरक शोधतात.

बिघाडाच्या खुणा वेगळ्या. पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा आल्या तर तो जास्त भाजला किंवा लवकर थंड झाला. गोल वाटीसारखे खड्डे पडून त्यांची झाकणं सुटी निघाली तर चढण घाईची होती, आत ओल होती. अख्खा तुकडा सरळ रेषेत दुभंगला आणि तड्याची कड चमकदार असेल तर उतरताना गेला. निस्तेज असेल तर तो तडा आधीचाच, तुमच्या हातोडीचा. आणि ठोकल्यावर साखरेसारखा भुरभुरला तर त्या दगडाचा वरचा आकडा तुम्हाला सापडला. वहीत लिहा, तेवढाच फायदा.

हात हलका करा

भाजलेल्या दगडावर पहिल्या दिवशी सगळ्यांची पाती मोडतात. कच्च्यावर ज्या जोराने ठोकायची सवय असते तो जोर इथे दुप्पट पडतो. छिलका पलीकडच्या कडेपर्यंत धावतो आणि तिला घेऊनच जातो, किंवा धक्क्याने पातं मध्येच दोन होतं. हातोडा-दगड एक नंबर लहान घ्या, मऊ वालुकाश्माचा मिळाला तर छान. ज्या कडेवर ठोका बसणार ती खरबरीत दगडाने जास्त वेळ घासा, इतकी की बोट फिरवलं तरी कापणार नाही. ठोका देताना तुकडा मांडीवरच्या चामड्यावर पूर्ण टेकलेला असू द्या, हवेत लोंबकळता नको.

पण दाब देऊन बारीक छिलके काढायला बसाल तेव्हा सगळी मेहनत वसूल. लाकडी मुठीत जाड तांब्याची तार बसवलेलं टोचं, तळहातावर चामड्याचा तुकडा. कच्च्या गारगोटीवर खांदा दुखेपर्यंत रेटूनही नखाएवढा छिलका निघायचा. भाजलेल्यावर टोचं कडेला लावलं, आत दाबत दाबत खाली झुकवलं, की बारीकसा ‘चिट्’ होतो आणि लांब, अरुंद, माशाच्या खवल्यासारखा छिलका चामड्यावर पडलेला असतो. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मी काहीतरी मोडलं समजून पातं उलटंपालटं करून बघत बसले होते.

भट्टी नसेल तर

जमिनीत हातभर खोल खड्डा. तळाला वाळू, वाळूत तुकडे, वर चार-पाच बोटं वाळू, आणि त्यावर गोवऱ्यांचा विस्तव रात्रभर. ज्वाळा नको, धग हवी. सकाळी राखेसकट दिवसभर तसंच ठेवून दुसऱ्या दिवशी उकरा. वाळूचा थर किती जाड यावर तापमान ठरतं, म्हणून एकाच खड्ड्यात तीन खोलींवर तुकडे ठेवले तर एका रात्रीत शिडीच्या तीन पायऱ्या होतात. अचूकता नाही, पण माझे सर्वांत सुंदर दोन तुकडे खड्ड्यातलेच आहेत, हे कबूल करायला हवं. घरातला ओव्हन २५० पर्यंत जातो, पण स्वयंपाकघरात दगडाच्या कपच्या नकोत.

धूळ

हे शेवटी आलं म्हणून कमी महत्त्वाचं नाही. खंभातच्या अकीक कारागिरांमध्ये सिलिकोसिसने किती घरं पोखरली हे त्या धंद्याची माहिती असणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. घासताना, फोडताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते ती कायमची, आणि या आजारावर बरं करणारा इलाज नाही. भाजलेला दगड ठिसूळ, म्हणून भुकटीही जास्त. काम उघड्यावर, वारा पाठीवरून पुढे जाईल असं बसून. एन-९५ मास्क, साधा रुमाल नाही. डोळ्यांना बाजूने बंद असलेला चष्मा. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. कामाचे कपडे न झटकता घराबाहेरच काढायचे, आणि लहान मूल जवळ असेल तर त्या दिवशी काम बंद.

राहता राहिला छिलक्यांचा ढीग. तो ओढ्यात किंवा माळावर टाकायचा नाही, नाहीतर उद्या कुणी संशोधक आपली कालची कचरापेटी अश्मयुगीन कारखाना समजून मोजत बसेल. मी परसात एकच खड्डा केला आहे. सगळ्या कपच्या, फुटके तुकडे, चुकलेली पाती त्यात जातात, आणि दर वर्षी दिवाळीला त्यावर त्या सालचं एक रुपयाचं नाणं.